घटनादुरुस्तीचा ठराव सभागृहात येईल तेव्हा : महाराष्ट्राच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद,
विधान भवन, मुंबई

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या सहकारी पतसंस्थेत मी तीस वर्षं सचिव होतो. आता निवृत्त आहे. आपल्या राज्यघटनेत आजवर १०६ दुरुस्त्या झाल्या. त्यातल्या दोन मी कागदावर बोट ठेवून दाखवू शकतो. एक आमच्या सातबाऱ्यावर आहे आणि दुसरी संस्थेच्या सभासद नोंदवहीत. या दोन कागदांमुळेच हे पत्र मी दिल्लीच्या खासदारांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. घटना बदलताना काही वेळा आपल्या सभागृहाची संमती घ्यावी लागते. ही गोष्ट लोकांना फारशी ठाऊक नाही, आणि सभागृहातही तिला मिळायला हवा तेवढा वेळ मिळत नाही.

आधी सातबाऱ्याबद्दल.

माझे आजोबा खोताचे, म्हणजे गावच्या वतनदार जमीनदाराचे, कूळ. भाताच्या दोन खाचरांवर अर्धलीने कसायचे. भात झोडून झालं की खोताचा माणूस खळ्यावर येऊन उभा राहायचा आणि त्याच्यासमोर मापं भरायची. अर्धी रास त्याची. पावसाने भात पडलं, कीड लागली, तरी मागची बाकी पुढच्या वर्षावर चढायची. वडील सांगत, मापं मोजताना आजोबा कधी बोलायचे नाहीत, नुसते त्या हाताकडे बघत बसायचे. पुढे कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कूळ मालक झालं, मग त्या कायद्याच्या कलम बत्तीस ग ची चौकशी, किंमत ठरणं, हप्ते, आणि शेवटी बत्तीस म चा दाखला. तो दाखला आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आहे. घड्यांवर फाटला म्हणून वडिलांनी मागून खाकी कागद चिकटवला.

नोकरीत असताना एकदा संविधानाची मराठी प्रत हातात आली. चाळता चाळता नवव्या अनुसूचीपाशी थांबलो. दुसऱ्या क्रमांकावर मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. सहाव्या क्रमांकावर मुंबईचा खोती नाहीशी करणारा कायदा. सातव्यावर परगणा आणि कुलकर्णी वतन रद्द करणारा. आमच्या ट्रंकेतल्या कागदाचं मूळ देशाच्या घटनेत छापलेलं होतं. त्या रात्री जेवताना मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

ही अनुसूची मूळ घटनेत नव्हती. जून १९५१ मधल्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती आली. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. जमीनदारीविरोधी कायद्यांना ठिकठिकाणी आव्हान दिलं जात होतं आणि मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा कायदा रद्दच केला. मग कलम ३१ अ आणि ३१ ब घालण्यात आली. नवव्या अनुसूचीत ज्या कायद्याचं नाव असेल, तो मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून रद्द होणार नाही, अशी तजवीज झाली. पहिल्या यादीत तेरा कायदे होते. त्यातले सहा एकट्या मुंबई राज्याचे. विदर्भातली मालगुजारी संपवणारा त्या वेळच्या मध्य प्रदेशचा कायदा आठवा, आणि जहागिऱ्या संपवणारे हैदराबादचे दोन विनियम, म्हणजे मराठवाडा, यादीच्या शेवटी. कोकण, देश, विदर्भ, मराठवाडा, सगळे त्या एका पानावर भेटतात. पुढे १९५६ मध्ये कूळ कायद्यात मोठे बदल झाले, जमीनमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथे ३१ अ ने कायदा तारला. तेही याच पहिल्या दुरुस्तीतलं.

ही दुरुस्ती झाली तेव्हा कायदामंत्री डॉ. आंबेडकर होते. खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी १९३७ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं होतं. अलिबागेत चरीचे शेतकरी नारायण नागू पाटलांच्या मागे जमिनी न कसता वर्षानुवर्षं संपावर होते, तो हा काळ. १९३७ चं विधेयक तेव्हा कायदा होऊ शकलं नाही. पण खोतीवरचा पहिला घाव आपल्या सभागृहाच्या पूर्वजांसमोर पडला, हे मला आपल्याला आठवण करून द्यायचं आहे. कायदा इथे घडला. त्याच्यावर छप्पर दिल्लीने घातलं.

पहिली दुरुस्ती निर्दोष होती असं माझं म्हणणं नाही. तिनेच भाषणस्वातंत्र्यावरचे निर्बंध वाढवले आणि श्यामाप्रसाद मुखर्जींसारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. ती करणारी संसदही हंगामी होती, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. राज्यांना तेव्हाही विचारलं नव्हतं. नववी अनुसूची पुढे फुगत गेली, तेरा कायद्यांची यादी २८० च्या वर पोचली, आणि ज्यांचा जमिनीशी संबंध नाही असेही कायदे त्यात जाऊन बसले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की २४ एप्रिल १९७३ नंतर यादीत घातलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. ती तारीख केशवानंद भारती निकालाची. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसद घटनेचं कुठलंही कलम बदलू शकते, पण तिचा गाभा मोडू शकत नाही, हे तेव्हा ठरलं. त्या लढाईबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. ती संसद आणि न्यायालय यांच्यातली होती. मला बोलायचं आहे ते तिसऱ्या घरकऱ्याबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल.

घटनेचं कलम ३६८ आपण जाणताच. दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोनतृतीयांश मत लागतं. लोकसभा आणि राज्यसभा यांचं पटलं नाही तर संयुक्त बैठकीची वाट इथे नाही. आणि काही विषयांना हात लावायचा असेल तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी त्या दुरुस्तीचं अनुसमर्थन केल्याशिवाय, म्हणजे ठराव करून तिला संमती दिल्याशिवाय, ती राष्ट्रपतींच्या सहीसाठी जाऊच शकत नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, केंद्र आणि राज्य यांच्यातली अधिकारांची वाटणी, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व आणि हे कलम ३६८ स्वतः. घर कुणाच्या एकट्याच्या नावावर नाही, हे घटनाकारांनी असं लिहून ठेवलं.

आता सभासद नोंदवही.

डिसेंबर २०११ च्या अखेरीस संसदेने सत्त्याण्णवावी दुरुस्ती मंजूर केली. १२ जानेवारी २०१२ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि १५ फेब्रुवारीपासून ती लागू. सहकारी संस्थांसाठी घटनेत अख्खा नवा भाग घातला गेला. संचालक एकवीसपेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षं, महिलांना दोन जागा, अनुसूचित जाती-जमातींना एक, निवडणूक स्वतंत्र यंत्रणेकडून, लेखापरीक्षण आणि वार्षिक सभा वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत. राज्यांनी आपापले कायदे वर्षभरात त्याला जुळवून घ्यायचे.

या तरतुदींतल्या बऱ्याचशा चांगल्या होत्या, हे मी सचिव म्हणून सांगतो. वर्षानुवर्षं निवडणूक न घेता खुर्चीवर बसलेली संचालक मंडळं आपण सर्वांनी पाहिली आहेत. प्रश्न वेगळा आहे. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला, म्हणजे ज्यावर कायदा राज्याने करायचा असा विषय. बत्तीसाव्या नोंदीत तो स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा कायदा आहे. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, विकास सोसायटी, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था. या राज्यातलं असं घर शोधावं लागेल ज्याचा यातल्या एकीशीही संबंध नाही. आणि तरी ही दुरुस्ती राज्यांकडे अनुसमर्थनासाठी आलीच नाही. संसदेची मंजुरी आणि राष्ट्रपतींची सही, यांच्यात जेमतेम दोन आठवडे गेले.

त्या दोन आठवड्यांत आपल्या सभागृहातून कुणीतरी उठून म्हणायला हवं होतं, हा विषय आमचा आहे, आम्हाला विचारा. मुदत संपत आली तेव्हा फेब्रुवारी २०१३ मध्ये अध्यादेश काढून राज्याचा कायदा बदलण्यात आला.

तो बदल आमच्या टेबलावर उतरला तो आदर्श उपविधींच्या, म्हणजे संस्थेच्या नियमांच्या ठरवून दिलेल्या नमुन्याच्या, रूपाने. विशेष सर्वसाधारण सभा घ्या, नवे उपविधी मंजूर करा, इतिवृत्त निबंधकांकडे पाठवा. त्यातच क्रियाशील आणि अक्रियाशील सभासद ही नवी विभागणी होती. पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहिलं पाहिजे आणि ठरलेल्या किमान सेवा वापरल्या पाहिजेत, नाहीतर सभासद अक्रियाशील आणि मतदानाचा हक्क गेला. हेतू बोगस सभासदांना आळा घालण्याचा असेल. पण आमच्या संस्थेचे निम्मेअधिक सभासद चाकरमानी. डोंबिवली, नालासोपारा, विरार. ते गावी येतात गणपतीला आणि शिमग्याला. आम्ही वार्षिक सभा मुद्दाम गौरी विसर्जनानंतरच्या दिवशी ठेवायचो. ज्या वर्षी गणपती ऑगस्टमध्ये आले आणि अहवाल छापून झाला नव्हता, त्या वर्षी सभा सप्टेंबरच्या शेवटी गेली आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

पाच वर्षांनी यादी करायची वेळ आली तेव्हा वरच्या वाडीतल्या एका काकूंचं नाव अक्रियाशीलमध्ये पडलं. संस्था काढली तेव्हा दारोदार फिरून भागभांडवल गोळा करणाऱ्या बायकांत त्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना घाटी उतरून सभेला येता येत नव्हतं. आवर्त ठेव संपलेली, कर्ज कधी घेतलेलं नाही. नोटीस मी स्वतः नेऊन दिली, पोस्टाने पाठवायचं मन झालं नाही. त्यांनी वाचून घेतली, माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतली आणि विचारलं, "म्हणजे मी आता तुमची कोण?" मला उत्तर देता आलं नाही.

हे सगळं आम्ही उरकत होतो, तेव्हा गुजरात उच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्येच, म्हणजे आपला अध्यादेश निघाल्यानंतर दोन महिन्यांत, घटनेतला तो नवा भाग रद्द केला होता. २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग गेला, बहुराज्यीय संस्थांपुरता राहिला. खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. बहुराज्यीय संस्थांपुरता तो भाग टिकतो का, यावर तीन न्यायमूर्तींत मतभेद झाला. पण निम्म्या राज्यांची संमती घ्यायला हवी होती आणि ती घेतली नाही, यावर तिघांचंही एकमत होतं. साडेनऊ वर्षं घटनेत छापलेला मजकूर अधिकाराविना छापलेला होता.

आपला २०१३ चा बदल तरीही टिकला, कारण तो राज्याचा कायदा होता आणि राज्याला तो करण्याचा अधिकार होताच. म्हणजे जे आपण घाईने, दिल्लीच्या मुदतीत बसवून केलं, ते आपल्या मनाने, चाकरमान्यांचा आणि घाटी न उतरू शकणाऱ्या काकूंचा विचार करून करता आलं असतं.

असं एकदाच झालेलं नाही. १९८५ ची बावन्नावी दुरुस्ती म्हणजे पक्षांतरबंदी. तिच्यामुळे आलेल्या दहाव्या अनुसूचीचा या राज्यातल्या आमदारांइतका अनुभव अलीकडे कुणी घेतला नसेल. तिच्या सातव्या परिच्छेदाने अपात्रतेच्या प्रश्नात न्यायालयांना दार बंद केलं होतं. तो परिच्छेद सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये रद्द केला. कारण तेच. न्यायालयांच्या अधिकाराला हात लावला आणि राज्यांचं अनुसमर्थन घेतलं नाही. आज अध्यक्षांच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येतं, ते या वगळलेल्या पायरीमुळे.

अनुसमर्थन घेतलं तरी काय होतं, याचं उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त बोचतं. आणीबाणीत, बहुतेक विरोधी नेते तुरुंगात असताना, १९७६ ची बेचाळिसावी दुरुस्ती झाली. तिने शिक्षण, वनं, वन्यप्राणी संरक्षण, वजनमापं आणि न्यायदानाची व्यवस्था असे पाच विषय राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत, नेले. निम्म्याहून अधिक विधिमंडळांनी त्याला मान डोलावली. आपलेच विषय काढून नेणाऱ्या कागदावर राज्यांनी संमती दिली. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्या काळातलं बरंच काही सरळ केलं. 'अंतर्गत अशांतता' हा शब्द काढून 'सशस्त्र बंड' घातला, पुन्हा सहजासहजी आणीबाणी लावता येऊ नये म्हणून. घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही असं सांगणारी, बेचाळिसाव्या दुरुस्तीनेच ३६८ मध्ये घातलेली दोन उपकलमं सर्वोच्च न्यायालयाच्या मिनर्व्हा मिल्स निकालाने १९८० मध्ये निष्प्रभ केली. पण शिक्षण राज्यसूचीत परत आलं नाही. आज वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा कुणी घ्यावी यावर आपण सभागृहात तावातावाने बोलता, तेव्हा त्या वादाचं मूळ या संमतीत आहे.

वस्तू आणि सेवा कराची एकशे एकावी दुरुस्ती त्या मानाने सगळ्यांच्या लक्षात आहे. ८ ऑगस्ट २०१६ ला संसदेतलं काम संपलं आणि ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही. एका महिन्यात निम्म्याहून अधिक राज्यं. आपण ऑगस्टच्या अखेरीस एक दिवसाचं खास अधिवेशन घेतलंत. मुंबई महापालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्न जकातीचं, ते जाणार होतं. राज्याचा विक्रीकर लावण्याचा अधिकार बव्हंशी जाणार होता. त्याला एक दिवस. कर योग्य की अयोग्य, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी, असा अधिकार सोडताना माणूस किमान एक रात्र झोपून उठतो आणि मग सही करतो.

अलीकडे वेग आणखी वाढला आहे. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची एकशे तिसरी दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, १२ तारखेला सही. एकशे दुसऱ्या दुरुस्तीतल्या शब्दरचनेवरून मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाच्या निकालात काय झालं, हे आपल्याला मी सांगायला नको. मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकारच तिने काढून घेतला, असा अर्थ बहुमताने लावला गेला आणि तो अधिकार परत द्यायला ऑगस्ट २०२१ मध्ये एकशे पाचवी दुरुस्ती करावी लागली. विधेयक मंजूर होत असताना त्या एका वाक्याकडे सगळ्या राज्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं असतं तर?

आणि आता आपल्या सभागृहाच्या मुदतीचाच प्रश्न आहे. एकत्र निवडणुकांसाठीचं एकशे एकोणतिसावं दुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. त्याप्रमाणे विधानसभेची मुदत लोकसभेच्या मुदतीशी बांधली जाईल. मध्येच विधानसभा विसर्जित झाली तर नवी विधानसभा उरलेल्या काळापुरतीच. एकत्र निवडणुकांवर नेमलेल्या रामनाथ कोविंद समितीच्या अहवालाचं म्हणणं असं की, लोकसभा आणि विधानसभांपुरत्या या बदलाला राज्यांचं अनुसमर्थन लागत नाही, ते लागेल स्थानिक संस्थांच्या निवडणुका त्यात आणताना. कायद्याच्या अक्षरात हे बसतही असेल, त्याचा निवाडा न्यायालय करील. पण महाराष्ट्राच्या मतदाराने पाच वर्षांसाठी निवडून दिलेलं सभागृह दोन वर्षांचं होऊ शकतं, आणि त्यावर त्या सभागृहाने तोंड उघडायचं नाही, हे मला पटत नाही. विधेयकाच्या बाजूने असाल तर बाजूने बोला. पण बोला.

माझं मागणं थोडकं आहे. अनुसमर्थनाचा ठराव येईल तेव्हा जुनं कलम आणि नवं कलम शेजारी शेजारी, मराठीत, निदान आठवडाभर आधी प्रत्येक सदस्याच्या हातात पडू दे, आणि तेच संकेतस्थळावर आम्हालाही वाचायला मिळू दे. दोन्ही सभागृहांत त्यावर पूर्ण दिवस चर्चा होऊ दे. आवाजी मतदानावर ठराव जाऊ देऊ नका, मतविभागणी मागा, म्हणजे कोण कुठे उभं होतं ते इतिवृत्तात राहील. व्हिप, म्हणजे पक्षादेश, असेल तर मत पक्षाचं होईल, हे मी समजू शकतो. भाषण तरी आपलं असू द्या. आणि जिथे दिल्लीने विचारलंच नाही, पण विषय राज्याचा आहे, तिथे विधेयक संसदेत असतानाच इथे चर्चा करून ठराव पाठवा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

अठ्ठावीस राज्यांपैकी चौदा पुरतात, आपल्यावाचून काही अडत नाही, असं कुणी म्हणेल. पण चौदांतलं प्रत्येक विधिमंडळ हेच म्हणू लागलं की १९७६ घडतं.

एक विनंती आमच्या भागाच्या आमदारांना. आमच्या संस्थेची वार्षिक सभा यंदाही गौरी विसर्जनानंतरच्या दिवशी, देवळाच्या सभामंडपात आहे. मुंबईकर मंडळी असतील. विषयपत्रिका संपली की तासभर मोकळा ठेवायला मी संचालकांना सांगितलं आहे. एकशे एकोणतिसाव्या विधेयकात काय लिहिलं आहे ते आम्हाला वाचून दाखवा आणि आपण त्यावर काय बोलणार आहात ते सांगा. वरच्या वाडीतल्या काकूंना आणायला या वेळी रिक्षा पाठवणार आहोत.

आपला,
एका ग्रामीण सहकारी पतसंस्थेचा निवृत्त सचिव,
जिल्हा रत्नागिरी